खुब्यांची साक्ष

आईने डोक्यावरची पाटी बोटदुरुस्तीच्या यार्डाच्या फाटकातच उतरवली, पदराने मान पुसली आणि मालक शिरोडकरांना विचारलं, "खय आसा तुमचा पाणी?"

"काकी, आधी च्या घेवा," शिरोडकर म्हणाले.

"च्या मगे. ओहोटी लागली की माका जावचा आसा. आधी पाणी."

पाटीत चिखलासकट खुबे होते. खुबे म्हणजे खाडीच्या गाळात राहणाऱ्या जाड कवचाच्या शिंपल्या. आमच्या आडबंदरच्या निम्म्या चुली त्यांच्यावर चालायच्या. आईच्या मागे वाडीतल्या सगळ्या खुबे काढणाऱ्या बायका होत्या, काष्टे घट्ट मारलेल्या, आणि एकीच्याही चेहऱ्यावर हसू नव्हतं. मी, दिगंबर कुबल, बी.एस्सी., भामाकाकीचा एकुलता एक मुलगा, माझ्या टाकीशेजारी इस्त्रीचा शर्ट घालून उभा होतो. आईने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. सकाळी तिनेच मला भाकरी वाढली होती, पण आता ती पंच म्हणून आली होती आणि पंचाला मुलगा नसतो.

झालं होतं असं. बोट कुठलीही असो, तिच्या पोटात इंजिनाखाली पाणी साचतंच. कुठून समुद्राचं झिरपतं, कुठून पंपाचं ठिबकतं, त्यात डिझेल सांडतं, वंगण गळतं आणि सगळ्याचं मिळून एक काळं, घाण रसायन होतं. बोट दुरुस्तीला आली की आधी ते उपसावं लागतं. उपसून टाकायचं कुठे, हा प्रश्न शिरोडकरांना पूर्वी कधी पडला नव्हता. खाडी समोर होती आणि ओहोटी फुकट होती. दोन-तीन पावसाळ्यांत यार्डाखालच्या गाळातल्या खुब्यांना रॉकेलचा वास येऊ लागला. बाजारात गिऱ्हाईक पाटीजवळ येऊन नाक मुरडून जायचं. बायकांनी आधी समजावून सांगितलं, मग शिव्या घातल्या. दोन्हींचा उपयोग होईना तेव्हा त्यांनी घरच्या बाप्यांना कामाला लावलं आणि यार्डात येणाऱ्या पाण्याच्या वाटेवर माडाचे वासे ठोकून घेतले. एकही बोट आत येईना. नाक दाबलं तेव्हा तोंड उघडलं, आणि शिरोडकर मला शोधत अंबरनाथला आले.

अंबरनाथला मी रंगाच्या एका कारखान्यात सांडपाण्यावर काम करत होतो. पाच जणांच्या खोलीत राहायचं, डब्याचं जेवायचं आणि मे महिन्याची वाट बघायची. शिरोडकर म्हणाले, "गावातच काम आसा, येतंस?" मी विचार करायला वेळ मागितला, तो फक्त बरं दिसावं म्हणून.

यंत्र फार मोठं नव्हतं. लाकडी झाकणाची एक टाकी, तिच्यात बोटभर अंतराने उभे केलेले लोखंडी पत्रे, आणि पत्र्यांना दिलेली वीज. बोटीतल्या त्या पाण्यात तेल इतकं बारीक फुटलेलं असतं की ते धड वर तरंगत नाही आणि गाळून निघत नाही. वीज सोडली की पत्र्याचं लोखंड झिजून पाण्यात उतरतं, तेलाचे कण त्याला चिकटून गोळा होतात, आणि विजेनेच सुटणारे बारीक बुडबुडे ते वर उचलून आणतात. डाळीला उकळी आली की वर फेस धरतो, तसा काळा फेस धरतो. तो काढून टाकायचा, खालचं पाणी निवळू द्यायचं. बिचारे पत्रे मात्र यात खर्ची पडतात. थोड्याच दिवसांत त्यांची चाळण होते आणि नवे बसवावे लागतात.

शिरोडकरांनी पाण्याच्या तपासणीचा कागदही आणला होता, शिक्क्यासकट. आईने तो दोन्ही बाजूंनी बघितला आणि परत दिला.

"ह्यो खुब्यांका वाचूक येता?" तिने विचारलं होतं. "माझे खुबे तुमच्या पाण्यात घालूया. तेंनी तोंड उघडल्यानी तर पाणी बरा. वासे आमी काढतलव. नाय उघडल्यानी तर वासे थयच ऱ्हवतले."

यात अंधश्रद्धा वगैरे काही नव्हती. खुबा मनासारख्या पाण्यात ठेवला की थोड्या वेळाने कवच उघडतो, जीभ बाहेर काढतो आणि पिचकाऱ्यासुद्धा मारतो. पाणी वाईट असलं की गपचूप मिटून बसतो. आमच्याकडे बाजारातून आणलेले खुबे चांगले की शिळे, हे घरोघर असंच बघतात. मला ही परीक्षा मान्य होती. फक्त एकच गोष्ट होती. खुबे उघडले नाहीत तर यार्ड बंद, आणि यार्ड बंद तर मी परत अंबरनाथला. हे मला ठाऊक होतं, शिरोडकरांना ठाऊक होतं, आणि आईला सगळ्यांत जास्त ठाऊक होतं. मी आल्यापासून ती दोन्ही वेळा गरम भात रांधत होती. आधी म्हणे सकाळचाच रात्री खायची.

"पण भामा," शेवंतावहिनी म्हणाली. ही बायकांतली सगळ्यांत फटकळ. "झिल तुझो, टाकी झिलाची, आणि पंच पण तूच?"

"मगे तू हो पंच."

"माका कोण इचारता!" शेवंतावहिनी म्हणाली, आणि बायका पहिल्यांदा हसल्या. पण त्या हसण्यात खोच होती, आणि ती आईलाही लागली असणार.

शिरोडकरांनी नारळ ठेवून देवाला गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा, ह्या पाण्यातला त्याल भायर पडां दे..."

"व्हय म्हाराजा!"

"ह्या दिगंबराच्या हाताक यश येवां दे..."

"व्हय म्हाराजा!"

"आणि वाटेतले वासे निघां देत..."

इथे बायका गप्प राहिल्या. 'व्हय म्हाराजा' म्हणाला तो एकटा अंतोन मेस्त. अंतोन यार्डाचा रंगारी, आणि खरं तर खिस्ताव. पण गाऱ्हाण्याला मागे राहणं त्याच्या रक्तात नव्हतं. त्याचा माझ्यावर जीव होता. लहानपणी माझी पाटी-पेन्सिलची पेटी त्यानेच निळी रंगवून दिली होती. आज तो सणाचा शर्ट घालून आला होता आणि माझ्याकडे बघून सारखा मान हलवत होता, सगळं ठीक होईल अशी.

मी बटण दाबलं.

विजेचा प्रवाह दाखवणारा काटा दोन दिवसांपूर्वीच्या चाचणीत टणकन उठला होता. आज तो जागचा जरा हलला आणि तिथेच बसला. मी वाट बघितली. काटा हलेना. गावातली वीज तशी पाहुण्यासारखी, कधी येईल आणि किती येईल याचा नेम नाही. म्हटलं, दाब कमी असेल. जनरेटर सुरू केला. काटा केसभर वर गेला. मी तारा तपासल्या, फ्यूज बदलला, सगळे जोड पुसून पुन्हा आवळले. बायका उन्हात उभ्या. टाकीच्या फटीतून चार बुडबुडे दिसत होते आणि काळा फेस म्हणावा तर नुसती साय धरली होती. शिरोडकर कानाशी येऊन पुटपुटले, "होता मा?" मी म्हटलं, "होतला." तोंडाने म्हटलं आणि पुन्हा तारांशी वाकलो.

शेवटी आईच म्हणाली, "ओहोटी लागली. काय ता पाणी दिया."

खालच्या नळातून पाणी काढलं. काळं नव्हतं, पण राखाडी होतं, आणि वास पुरता गेला नव्हता. शिरोडकरांनी ॲल्युमिनियमचं मोठं पातेलं भरलं. आईने मूठभर खुबे निवडून धुतले आणि हळूच आत सोडले. शेजारी दुसऱ्या पातेल्यात वरच्या अंगाचं, चांगलं खाडीचं पाणी होतं, त्यातही तेवढेच सोडले. मग सगळ्या बायका दोन्ही पातेल्यांवर अशा वाकल्या की डोक्याला डोकी लागली. शेवंतावहिनीने तर दोघींना कोपराने बाजूला सारून जागा केली.

खाडीच्या पाण्यातले खुबे हळूहळू उघडले. एकाने पिचकारी मारली ती नेमकी शेवंतावहिनीच्या डोळ्यात.

माझ्या पाण्यातले मिटलेलेच.

"उघडलो! उघडलो!" शिरोडकर एकदम ओरडले. खरंच, कडेच्या एका खुब्याने कवच उघडलं होतं. अंतोनने टाळी वाजवली. बायका पुढे झुकल्या. मीसुद्धा हसलो.

आईने पातेल्यात बोट घालून त्या खुब्याला लावलं. जिवंत खुबा बोट लागलं की झटकन मिटतो. हा तसाच आ वासून राहिला.

"ह्यो मेलो," ती म्हणाली.

शिरोडकरांनी तिला जरा बाजूला घेतलं. टाकीशेजारीच होते, मला सगळं ऐकू येत होतं. "काकी, सांजेपर्यंत बाकीचे उघडतलेच. आता एक उघडलो म्हणान सांगा मा. तुमचो शब्द कोण मोडूचो नाय. आणि झिल तुमच्या डोळ्यांसमोर ऱ्हवतलो. तुमकाच बरा मा?"

आई त्यांच्याकडे बघत राहिली. मग पहिल्यांदाच माझ्याकडे बघितलं, फार वेळ नाही. बायका कान टवकारून होत्या.

"मेलेलो खुबो उघडोच आसता, शेठ," ती मोठ्याने म्हणाली. बायकांकडे वळून म्हणाली, "उघडूक नाय, बायांनू. चला. पाणी उतारला."

तिने पाटी डोक्यावर घेतली आणि ती चालू लागली. मागोमाग बायका गेल्या. शेवंतावहिनी तेवढी क्षणभर थांबली, पातेल्याकडे बघितलं, आईच्या पाठीकडे बघितलं, आणि काही न बोलता गेली. ती काही न बोलता गेलेली मी त्याआधी कधी पाहिली नव्हती.

शिरोडकर डोकं धरून दोरखंडाच्या ढिगावर बसले. मी टाकीचं झाकण काढलं, खिळे उचकटूनच काढलं, आणि आत हात घालून एक पत्रा वर ओढला.

पत्रा गुळगुळीत होता. तांबूस, चकचकीत आणि गुळगुळीत. दुसरा ओढला, तोही तसाच. एका कोपऱ्यात थोडा पोपडा निघाला होता, तेवढ्यातून काय ती वीज पाण्यात गेली असेल ती. रंगातून वीज जाणार कशी!

"रंग कोणी मारलो?" मी ओरडलो.

"मियां," अंतोन पुढे येऊन म्हणाला. आवाजात अभिमान होता. "काल तू डिझेल आणूक कुडाळाक गेल्लंस मा, तेव्हा. झाकण काढून बघलंय तर पत्रे सगळे गंजान खाल्लेले. म्हटलंय, उद्या सगळो गाव येतलो, आपल्या दिगूचे पत्रे असे दिसाक होये? दोन हात मारलंय. पयलो सुकल्यावर दुसरो. बघ, एक तरी वघळ आसा काय!"

एकही ओघळ नव्हता. अंतोनच्या हाताला ओघळ माहीतच नव्हता. अख्खा जन्म या माणसाने लोखंडाला गंजापासून वाचवण्यात घालवला होता. कुठे लाल ठिपका दिसला की याच्या जिवाची घालमेल व्हायची. आणि मी त्याच्या यार्डात गंजलेले पत्रे ओळीने मांडून कुडाळला गेलो होतो.

"मेस्तांनू," मी म्हटलं, "ते पत्रे गंजाकच लावल्ले."

"गंजाक? गंजाक कोण पत्रो लावता?"

"बोटीच्या बुडाक जस्त लावतास, तेका रंग मारतास?"

"जस्ताक?" तो चिडलाच. "खुळो आसंय मी? जस्ताक रंग मारलो तर पाणी बोट खायत! जस्त झिजता म्हणान तर..."

तो मधेच थांबला. पत्र्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. बोटीच्या बुडाला जस्ताचे ठोकळे ठोकतात ते एवढ्यासाठीच, की समुद्राच्या पाण्याने लोखंडाऐवजी ते खावेत. नव्या पोराला अंतोन पहिली ताकीद देई ती हीच, की सगळीकडे ब्रश फिरव, पण जस्ताला शिवू नको.

"ह्ये पत्रे म्हणजे तुझा जस्त," तो हळूच म्हणाला.

"व्हय."

"सायबा माझ्या." त्याने छातीवर क्रूस काढला, मग कपाळावर हात मारून घेतला. मला राग आला होता, खूप आला होता, पण त्याचं तोंड बघून तो धरून ठेवता येईना. शिरोडकरांनी मात्र धरला. अर्धा तास ते अंतोनच्या सात पिढ्यांची विचारपूस करत होते. त्यातून ते दमले तेव्हा म्हणाले, "उद्या दुपारपर्यंत बघतलंय. मगे मालवणातून बोलावना आसा तेका व्हय म्हणान सांगतलंय आणि यार्डाक कुलूप."

अंतोनला कुठलं बसवतंय! तो सणाच्या शर्टानिशी, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, सरळ खाडीच्या गाळात उतरला. बायका लांब खुबे काढत होत्या. गाळात फसत, शिव्या घालत तो त्यांच्यापर्यंत पोचला. काठावरून मला त्याचे हातवारे दिसत होते. रंगाचे दोन हात कसे मारले तेसुद्धा त्याने करून दाखवलं. परत आला तेव्हा कमरेपर्यंत चिखल होता.

"आये काय म्हणाली?"

"म्हणाली, तुझ्या रंगाचा माका काय सांगतंस? खुबे उघडूक नाय ता खरा मा?"

दिवेलागणीला घरी गेलो. आई चुलीपुढे होती. मी पायही धुतले नाहीत, उंबऱ्यातच उभा राहिलो. एवढी वर्षं मी तिच्याशी आवाज चढवून बोललो नव्हतो, त्या दिवशी बोललो.

"नुसता व्हय म्हटलं आसतंस तर काय झाला आसता, आये?"

"काय व्हय म्हणू?"

"एक तरी उघडलो म्हणान! पत्रे उद्या नीट झालेच आसते. पाणी उद्या बरा झालाच आसता. आजचो एक दिवस फक्त. आता शेठ यार्डाक कुलूप लावतलो आणि मी चललंय अंबरनाथाक. तुका होया ता झाला!"

तिने भाताचा टोप खाली उतरवला.

"माका होया ता?" ती म्हणाली. एवढंच म्हणाली आणि चुलीत लाकूड सारू लागली. लाकूड आधीच पुरतं आत होतं. माझ्याकडे तिची पाठ होती. मला लाज वाटली, पण रागही गेला नव्हता.

"मेलेल्या खुब्याच्या नावान तू घरात ऱ्हवतलंस?" तिने न वळता विचारलं.

मी चपला काढल्या.

"पाय धुवन जेवूक बस. दोघांचो रांधलंय."

मी पाय धुतले आणि बसलो. तिने वाढलं. कालवण सुरमईचं होतं, एरवी मी बोटं चाटली असती. थोड्या वेळाने ती म्हणाली, "अंतोनाक सांग, रंग रॉकेलान काढू नको. खुब्यांका रॉकेल चलना नाय."

"म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे? उद्या परत कर. खुबे आणतंय मियां."

"आणि परत नाय उघडले तर?"

"परवा आणीन. खाडयेतले खुबे काय संपले?"

ती हे अशा सुरात म्हणाली की जणू उद्या भाजी कुठली, एवढाच प्रश्न होता. मला हसू आलं. त्याबरोबर घास लागला, आणि तिने पाठीवर दोन धपाटे घातले, जरा जास्तच जोरात.

दुसऱ्या दिवशी मी उजाडता यार्डात गेलो तर अंतोन आधीच बसला होता. तारेचा ब्रश आणि पटाशी घेऊन पत्रा खरवडत होता. चार पत्रे लख्ख करून भिंतीला लावलेले होते.

"आयुष्यात पयल्यांदा चांगलो रंग खरवडतंय," तो मला म्हणाला. "आणि तो पण माझोच. देव पण कसली मस्करी करता बघ."

आम्ही दोघांनी मिळून बाकीचे साफ केले, गोड्या पाण्याने धुतले, पुन्हा धुतले आणि बसवले. झाकण ठोकायला मी अंतोनलाच सांगितलं. त्याने एकेक खिळा असा मारला की जणू आतलं कोणी बाहेर येऊ नये. गाऱ्हाणं आज कोणी घातलं नाही. शिरोडकर लांबच उभे होते.

बटण दाबलं आणि काटा टणकन उठला.

अंतोनने माझा दंड धरला. फटीतून बारीक पांढरे बुडबुडे उसळायला लागले, आणि थोड्याच वेळात झाकणाच्या फटींतून काळा, जाड, लोण्यासारखा फेस वर आला. अंतोन डावाने तो काढू लागला. काढावा तेवढा येत होता. खालच्या नळाने मी ग्लास भरला आणि उन्हात धरला. पलीकडच्या माडाच्या झावळ्या मोजता याव्यात इतकं ते पाणी नितळ होतं.

"घाल खुबे!" शिरोडकर धावत आले.

"थांबा," मी म्हटलं. खाऱ्या पाण्यातून वीज गेली की त्याला ब्लीचिंग पावडरसारखा उग्र वास सुटतो. माणसाला तो सोसतो, पण खुब्याला सोसणार नाही. मी हवेचा पंप लावला आणि पाणी खळखळत ठेवलं. शिरोडकर घड्याळ बघत होते, दुपार कलायला लागली होती. पण मी पंप बंद केला नाही. वास पुरता गेल्याची खात्री झाली तेव्हाच केला. घाई करून आणखी एक 'नाय' ऐकायची माझी छाती नव्हती.

बायका आज उशिरा आल्या, ओहोटीचं काम उरकून. चिखलाने माखलेल्या होत्या, पाट्या भरलेल्या होत्या. फाटकाजवळच्या उंडीच्या झाडाच्या सावलीत त्यांनी पाट्या उतरवल्या आणि तिथेच बसकण मारली. शेवंतावहिनीने पानाचा बटवा काढला. आई एकटीच पुढे आली.

ती पातेल्यापाशी उकिडवी बसली. पाण्याचा वास घेतला. ओंजळीत घेऊन बघितलं. मग पाटीतले खुबे एकेक करून निवडले, धुतले आणि आत सोडले. मी तिच्या समोर बसलो. आमच्या दोघांच्या मधे ते पातेलं, बाकी कोणी नाही.

खुबे मिटलेले होते.

वेळ जाईना. एक माशी पातेल्याच्या काठावर बसली, ती मी हाकलली. आईने डोळ्यांनी दटावलं, हलू नको म्हणून. लांबून बायकांच्या गप्पा ऐकू येत होत्या, कोणाच्या तरी सुनेचं चाललं होतं. मी मनातल्या मनात अंबरनाथची खोली रंगवून बघितली, ट्रंक कुठे ठेवायची तेसुद्धा ठरवलं. म्हटलं, आधीच मनाची तयारी असलेली बरी.

मग तळाशी एका खुब्याची फट दिसली. दोऱ्याएवढी. मला वाटलं भास झाला. ती रुंदावली, आणि आतून फिकट पिवळी जीभ हळूच बाहेर आली, चाचपडली आणि पसरली. त्याच्या शेजारचा उघडला. पलीकडचा उघडला. पाण्यात बारीक वलय उठलं, कोणीतरी पिचकारी मारली होती.

मी आईकडे बघितलं. ती खुब्यांकडेच बघत होती. तिने बोट आत घातलं आणि पहिल्याला लावलं. तो झटकन मिटला. दुसऱ्याला लावलं, मिटला. तिने एकही सोडला नाही, सगळ्यांना बोट लावलं, सगळे मिटले. मग हात बाहेर काढून ती पुन्हा थांबली, ते परत उघडेपर्यंत. माझा जीव तोपर्यंत टांगणीलाच होता. ते परत उघडले.

आई गुडघ्यावर हात टेकून उठली.

"उघडले गो," तिने उंडीकडे तोंड करून सांगितलं.

शिरोडकरांचा आनंद पोटात मावेना. त्यांनी पातेलंच उचलायला घेतलं. "येवा, येवा सगळ्यांनी! शेवंतावैनी, तुमी येवा पयल्या. आपल्या डोळ्यांनी बघा, मगे बोलूक नको!"

"काल भामाक बघलंय मा," शेवंतावहिनी म्हणाली. तिने पान थुंकलं, काष्टा आवळला आणि बाकीच्यांना म्हणाली, "उठा गो. भरती येवच्या आधी वासे काढूया."

त्या उठल्या आणि आमच्या अंगावरून पाण्याच्या वाटेकडे गेल्या. अंतोन दोरखंड खांद्यावर टाकून त्यांच्या मागे धावला. आईही गेली. पातेल्याकडे कोणी मानसुद्धा वळवली नाही.

वाकून बघितलं ते मी एकट्यानेच.